द्राव्यतेचे भाकीत: एम.फार्म.च्या प्रबंधाचे वर्ष

एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षात मशीन लर्निंगच्या साहाय्याने औषधांच्या पाण्यातील द्राव्यतेचे भाकीत करण्याचा विषय मी प्रबंधासाठी घेतला, तेव्हा आमच्या महाविद्यालयात या वाटेने आधी गेलेले कोणी नव्हते. संगणकाचा कोड इंटरनेटवर हवा तेवढा मिळतो. मात्र विषय मंजूर कसा करून घ्यायचा, औषधांच्या नमुन्यांसाठी कोणाला पत्र लिहायचे, कोणत्या कामाला किती महिने धरून ठेवायचे, हे सांगणारे मराठीत मला काहीच सापडले नाही. म्हणून जुलै २०२३ ते जुलै २०२४ या काळात जे घडले ते क्रमाने लिहीत आहे.

मी मूळची गोव्यातील डिचोलीची. बी.फार्म.नंतर काही काळ वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीच्या गुणनियंत्रण विभागात नोकरी केली आणि तिथे डिझोल्युशनची चाचणी हेच रोजचे काम होते. गोळी पोटात गेली म्हणजे औषध रक्तात पोहोचले असे होत नाही, ते आधी विरघळावे लागते, हे पुस्तकापेक्षा त्या यंत्रासमोर उभे राहून अधिक पटले. १९९५ मध्ये अमिडॉन आणि सहकाऱ्यांनी औषधांचे जे चार वर्ग मांडले, त्यांचा अर्धा पाया द्राव्यतेवरच उभा आहे: औषधाची सर्वांत मोठी मात्रा ३७ अंश सेल्सिअसला, १.२ ते ६.८ या पीएचच्या पट्ट्यात, २५० मिलिलिटर किंवा त्याहून कमी द्रावात विरघळली तरच ते औषध सुविद्राव्य मानले जाते. एखादा नवा रेणू प्रयोगशाळेत तयार होण्यापूर्वीच तो कितपत विरघळेल याचा अंदाज आला, तर केवढा खर्च वाचेल हे सांगायला नको. आमच्या अभ्यासक्रमात संगणकाधारित औषधविकासाचा एक विषय दुसऱ्या सत्रात असतोच. माझी ओढ तिथूनच सुरू झाली.

जुलैच्या अखेरीस प्रबंधाचे विषय मंजूर करणाऱ्या समितीपुढे प्रस्ताव मांडला. पहिलाच प्रश्न आला: यात प्रयोग कुठे आहे? औषधनिर्माणशास्त्राचा प्रबंध पूर्णपणे लॅपटॉपवर होणार, ही कल्पना सदस्यांना पचत नव्हती, आणि त्या वेळी मला त्यांचा रागही आला होता. मार्गदर्शक मॅडमनी तोडगा सुचवला की थोडी नेहमीची औषधे निवडून त्यांची द्राव्यता आपल्याच प्रयोगशाळेत मोजायची, मॉडेलला शिकवायच्या तक्त्यातून तेवढी औषधे आधीच काढून ठेवायची आणि शेवटी दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडायचे. तो समितीला पटला. आज मागे वळून पाहता संपूर्ण प्रबंधात सांगण्यासारखे जे काही आहे, ते बहुतेक या जोडलेल्या भागातूनच निघाले.

मंजुरीचे पत्र हाती येण्यास ऑगस्टचा शेवट उजाडला. उशीर होण्याचे कारण मजेशीर होते. प्रबंधात माणसांवर किंवा प्राण्यांवर कोणताही प्रयोग नव्हता, तरी अर्जाच्या नमुन्यात नैतिकता समितीच्या मंजुरीचा रकाना होता आणि तो कोरा ठेवता येत नव्हता. शेवटी अशा मंजुरीची गरज नसल्याचे पत्र त्याच समितीकडून घ्यावे लागले आणि त्यासाठी समितीच्या पुढच्या बैठकीपर्यंत थांबावे लागले. केवळ संगणकावरचे काम करणाऱ्यांनी हे पत्र प्रस्तावाबरोबरच मागून ठेवावे.

मंजुरीची वाट पाहताना डेटाचे काम सुरू केले होते. द्राव्यतेच्या अभ्यासात दोन संच वारंवार भेटतात. एक डिलेनी यांच्या २००४ च्या निबंधातून आलेला, जो आज साधारण ११२८ रेणूंच्या स्वरूपात वापरला जातो. दुसरा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला ॲक्वासोलडीबी, ज्यात नऊ स्रोतांतून गोळा केलेले ९,९८२ पदार्थ आहेत. मी दुसरा घेतला. तो उतरवून घ्यायला काही मिनिटे लागली आणि समजून घ्यायला चतुर्थीची सुट्टी धरून ऑक्टोबर उजाडला. घरात गणपतीवर माटोळी (फळापानांची चौकट) बांधली जात असताना मी आतल्या खोलीत तक्त्यातील ओळी तपासत होते, याबद्दल आईचे बोलणेही खाल्ले.

तक्त्यात प्रत्येक रेणू एका ओळीच्या अक्षरमालेत लिहिलेला असतो. १९८८ मध्ये डेव्हिड वाइनिंगर यांनी मांडलेली ही स्माइल्स पद्धत आजही सर्वत्र चालते. आरडीकिट ही मोफत प्रणाली ती अक्षरमाला वाचून रेणूचे वजन, फिरू शकणारे बंध, हायड्रोजन बंध देणारे व घेणारे अणू, तेलपाण्यातील वाटणीचा अंदाज अशी शेकडो वैशिष्ट्ये क्षणात काढून देते. इथपर्यंत सारे सुरळीत असते. त्यानंतर एकेक ओळ डोळ्यांनी वाचायला बसले की प्रश्न सुरू होतात. एका ठिकाणी आम्ल आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच आम्लाचा सोडियम क्षार; डायक्लोफेनॅकसारख्या औषधाच्या बाबतीत या दोन रूपांच्या द्राव्यतेत प्रचंड अंतर असते आणि क्षाराचा सोडियम सरसकट काढून टाकला तर दोन अगदी वेगळे आकडे एकाच रेणूला चिकटतात. शिवाय हा संच औषधांपुरता नाही. त्यात औद्योगिक रसायने भरपूर आहेत आणि त्यांच्यावर शिकलेले मॉडेल गोळीतल्या रेणूबद्दल काय बोलणार, ही शंका तेव्हापासूनच मनात होती. एक चांगली सोय मात्र या संचात आहे: एखाद्या पदार्थाची नोंद किती स्रोतांत आढळली आणि त्या नोंदींत किती फरक होता, त्यानुसार प्रत्येक ओळीला विश्वासार्हतेचा गट दिलेला आहे. अनेकजण हा रकाना सरळ पुसून टाकतात. तो ठेवावा, पुढे चुकांचे विश्लेषण करताना तोच उपयोगी पडतो.

ऑक्टोबरमध्ये नमुन्यांच्या मागे लागले. शुद्ध औषधे बाजारभावाने विकत घेणे विद्यार्थ्याला परवडणारे नसते, म्हणून कंपन्यांकडे गिफ्ट सॅम्पल मागण्याची रीत आहे. वेर्णा, कुंडई, पिळर्ण अशा वसाहतींमुळे गोव्यातील विद्यार्थ्याला कारखाने जवळ आहेत, एवढा एक फायदा. पत्र महाविद्यालयाच्या लेटरहेडवर असावे, त्यावर मार्गदर्शक आणि प्राचार्य या दोघांचीही सही व शिक्का असावा, किती ग्रॅम हवे ते आकड्यात लिहावे आणि नमुना माणसांवर वापरला जाणार नाही अशी हमी शेवटी द्यावी. नमुन्यासोबत विश्लेषण प्रमाणपत्र आणि स्फटिकरूपाची माहितीही मागावी, कारण नंतर ती मागायला गेले तर फोन उचलणारी व्यक्ती बदललेली असते. बहुतेक पत्रांना उत्तर आले नाही. ई-मेल पाठवून गप्प बसण्यापेक्षा पत्राची छापील प्रत गेटवर देऊन आवक शिक्का घेतला, तिथे काम लवकर झाले. ज्या कंपनीने अखेर सर्वाधिक नमुने दिले, तेथील संशोधन विभागाच्या साहेबांनी फोनवर फक्त तापमान आणि पीएच काय ठेवणार एवढेच विचारले आणि उत्तर ऐकून होकार दिला. नाताळाच्या आधी पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, कार्बामॅझेपिन आणि आणखी काही नमुने हातात आले. डायझेपाम आणि फिनोबार्बिटल ही द्राव्यतेच्या जुन्या तक्त्यांत हमखास दिसणारी औषधे मी यादीतून आधीच वगळली होती. ती अमली व मनोविकारी पदार्थांच्या कायद्याखाली येतात आणि त्यांच्या परवानगीत सत्र निघून गेले असते.

जानेवारीत मोजणी सुरू करायची तर वेगळीच अडचण समोर आली. तक्त्यातील आकडे २५ अंशांच्या आसपासचे, आणि आमच्या प्रयोगशाळेतील शेकर बाथला (फ्लास्क ठरावीक तापमानाला हलवत ठेवणाऱ्या यंत्राला) फक्त हीटर. गोव्यात दुपारी खोलीचे तापमानच ३० च्या वर असते, त्यामुळे हीटरने २५ अंश गाठणे शक्य नव्हते. कूलिंगची सोय असलेला इनक्युबेटर शेकर दुसऱ्या विभागात होता. दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्यांचा अर्ज, वापराची नोंदवही आणि त्यांच्या जीवाणूंच्या वेळापत्रकातून उरलेले दिवस, अशा वाटाघाटीतून तो मिळाला. तुम्ही जो डेटा वापरणार त्याचे तापमान आणि तुमच्या यंत्राची मर्यादा या दोन गोष्टी प्रस्ताव लिहितानाच जुळवून पाहाव्यात.

पद्धत जुनीच आहे. फ्लास्कमधील पाण्यात विरघळेल त्याहून जास्त औषध टाकायचे, तळाशी घन उरेल याची खात्री करायची, २४, ४८ आणि ७२ तासांनी थोडे द्रावण काढून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचे आणि अतिनील प्रकाशाचे शोषण मोजणाऱ्या यूव्ही यंत्रावर मोजायचे. लागोपाठचे दोन आकडे जुळले की संतुलन झाले असे समजायचे. गाळलेल्या द्रावणाचे पहिले काही मिलिलिटर टाकून द्यावेत, कारण फिल्टरचा कागद स्वतःच थोडे औषध धरून ठेवतो. आयब्युप्रोफेनसारखे आम्ल असेल तर शेवटी पीएच पुन्हा मोजावा. औषध विरघळता विरघळता साध्या पाण्याचा पीएच खाली ओढते, आणि याच औषधाची द्राव्यता ६.८ पीएचला त्याच्या मूळ, आयनरहित रूपाच्या शंभरपटीहून अधिक असते. पीएच न लिहिलेला आयब्युप्रोफेनचा आकडा माझ्या दृष्टीने अर्धवट आकडा आहे, आणि तक्त्यांत असे आकडे कितीतरी आहेत.

या सगळ्यात कार्बामॅझेपिनने माझे सर्वाधिक दिवस घेतले आणि मला सर्वाधिक शिकवले. टाकताना ती बारीक, पांढरी, तळाशी बसणारी भुकटी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लास्क उघडला तर आत कापसासारखा फुललेला गोळा, आणि थेंबभर काचपट्टीवर घेऊन पाहिले तर लांब, सरळ, एकमेकांत अडकलेल्या सुया. २८५ नॅनोमीटरवरचा आकडा आदल्या संध्याकाळपेक्षा खाली आला होता. मॅडमना फ्लास्क दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता तू मोजते आहेस ते बाटलीतले औषध राहिलेलेच नाही. गाळ वाळवून डीएससीला पाठव." डीएससीची, म्हणजे नमुना तापवत नेऊन त्यातील बदल टिपणाऱ्या यंत्राची, सोय बाहेरच्या प्रयोगशाळेत होती, दर नमुन्यामागे हजाराच्या आत शुल्क आणि अहवालासाठी तीन आठवड्यांची वाट. आलेख आला तो १०० अंशांच्या आतच पाणी बाहेर पडल्याची ठळक खूण घेऊन. निर्जल कार्बामॅझेपिन पाण्यात पडताच रेणूमागे दोन पाणी धरून द्विजलीय रूपात जाते आणि या रूपाची द्राव्यता मूळ रूपाच्या साधारण निम्मीच असते, हे वाचनात होते. डोळ्यांसमोर मात्र पहिल्यांदाच घडले. १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच औषधाच्या गोळ्या दमट जागी ठेवल्यास त्यांची परिणामकारकता एक तृतीयांशापर्यंत घटू शकते असा इशारा दिला होता. आमच्याकडचा जुलै ज्याने पाहिला आहे, त्याला यावर वेगळे सांगायला नको. माझे उरलेले सगळे नमुने त्याच दिवशी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या बंद भांड्यात, डेसिकेटरमध्ये गेले.

रिटोनाविर या एचआयव्हीवरील औषधाची गोष्ट तर याहून मोठी. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या या औषधाचे १९९८ मध्ये अचानक एक नवे, कमी विरघळणारे स्फटिकरूप उगवले आणि त्याच्या कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. रेणू तोच, अक्षरमाला तीच. आता मॉडेलच्या बाजूने पाहा: त्याच्या हाती आपण फक्त अक्षरमाला देतो. ज्या फरकाने माझ्या फ्लास्कमधला आकडा खाली आला, तो फरक मॉडेलपर्यंत पोहोचतच नाही.

मार्चमध्ये मॉडेल बांधायला घेतले आणि सर्वांना जे अवघड वाटते ते काम सर्वांत लवकर आटोपले. लिओ ब्रायमन यांनी २००१ मध्ये मांडलेली रँडम फॉरेस्टची पद्धत (अनेक निर्णयवृक्षांच्या उत्तरांची सरासरी) सायकिट-लर्न या मोफत संगणक-संचात तयार मिळते; माझ्या साध्या लॅपटॉपवर ती काही मिनिटांत चालली. रेणूचा आलेख, म्हणजे अणू आणि बंधांचे जाळे, थेट वाचणारे केमप्रॉप या प्रणालीचे न्यूरल नेटवर्क गुगल कोलॅबच्या मोफत ऑनलाइन संगणकसेवेवर चालवले. ते मधूनच बंद पडते, म्हणून प्रत्येक टप्प्याचे निकाल ड्राइव्हवर साठवत जावे. माझ्या डेटावर त्याने रँडम फॉरेस्टपेक्षा डोळ्यांत भरेल असे काही अधिक दिले नाही, आणि प्रबंधात तसेच लिहिले.

वेळ द्यावा तो तपासणीच्या पद्धतीला. रेणूंची चिठ्ठ्या टाकून वाटणी केली आणि काही शिकवायला व काही तपासायला ठेवले, तर भाकितातील चुकीचे माप लहान येते आणि मन सुखावते. पण बार्बिट्युरेट कुळातील औषधे घ्या: मधले कडे सगळ्यांचे एकच, फक्त बाजूच्या साखळ्या कमीअधिक. त्यांतील चार शिकवायला आणि एक तपासायला गेले, तर परीक्षेत गाईडमधलेच गणित आकडे बदलून आल्यासारखे होते. म्हणून मी दुसरी वाटणीही केली, जिच्यात एकाच सांगाड्याचे सर्व रेणू एकाच बाजूला राहतात. चिठ्ठ्यांच्या वाटणीत एका लॉगच्या बऱ्याच आत असलेली चूक इथे एका लॉगच्या पुढे गेली. एक लॉग म्हणजे दहापट, हे अशा प्रबंधांत कोणी ठळक अक्षरांत लिहीत नाही. लिटरला एक ग्रॅम म्हणून सांगितलेले औषध प्रत्यक्षात दहा ग्रॅम किंवा शंभर मिलिग्रॅम असू शकते.

तुलनेसाठी एक साधे सूत्रही ठेवले, आणि ते ठेवावेच असा माझा आग्रह आहे. जैन आणि याल्कोव्स्की यांच्या सूत्रानुसार द्राव्यतेचा (मोल प्रति लिटरमध्ये) लॉग म्हणजे ०.५ मधून द्रवणांक वजा २५ यांचा शंभरावा भाग आणि तेलपाण्यातील वाटणीचा लॉग वजा करून उरलेली संख्या. पॅरासिटामॉलसाठी १६९ अंश द्रवणांक आणि ०.४६ हा वाटणीचा लॉग घातला की उत्तर −१.४० येते, मोजून मिळते ते लिटरला सुमारे १४ ग्रॅम, म्हणजे −१.० च्या जवळ. कागदावर एका ओळीत केलेले गणित अडीचपटीच्या आत येते. मेख अशी की या सूत्राला द्रवणांक लागतो आणि जो रेणू अजून तयारच झाला नाही, त्याचा द्रवणांक कोण देणार? तो मॉडेलने काढला आणि ४० अंशांनी चुकला, तर तेवढ्यानेच ०.४ लॉगची भर पडते.

मोजणारेच एकमेकांशी किती जुळतात, हेही पाहावे लागते. २०१९ च्या दुसऱ्या सोल्युबिलिटी चॅलेंजमध्ये, म्हणजे द्राव्यतेचे भाकीत करण्याच्या खुल्या स्पर्धेत, औषधांच्या दोन याद्या होत्या. पहिलीत वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या आकड्यांतील सरासरी विचलन ०.१७ लॉग होते, दुसरीत ०.६२. दुसऱ्या यादीतील औषधांवर कोणी ०.३ लॉगच्या अचूकतेचा दावा केला तर मी आधी त्याची वाटणी कशी केली ते विचारीन.

एप्रिल आणि मे लेखनात गेले. ७ मे २०२४ ला गोव्यात लोकसभेचे मतदान होते आणि कार्यालयातील कर्मचारी त्याआधीपासूनच निवडणुकीच्या कामावर, त्यामुळे शुल्क थकीत नसल्याच्या दाखल्यासारख्या किरकोळ कागदासाठीही थांबावे लागले. इतरांच्या लेखनाशी साम्य किती याच्या तपासणीचा अहवाल विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांच्या आत हवा. पहिल्या अहवालात रसायनांची नावे, उपकरणांची वर्णने आणि संगणकाच्या आज्ञा यांनीच टक्केवारी फुगवली होती. कोड परिशिष्टात हलवल्यावर ती उतरली. खर्चाचे म्हणाल तर सॉफ्टवेअरवर एक रुपयाही गेला नाही. फिल्टर आणि बफरची रसायने यांना मिळून पाच हजारांच्या आसपास, डीएससीला त्याहून थोडे कमी, आणि छपाई व बांधणीला साधारण अडीच हजार लागले.

तोंडी परीक्षा जुलैत झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अल्गोरिदमबद्दल जवळजवळ काही विचारले नाही. मॉडेल कोणत्या औषधांवर चुकते आणि ते चुकणार आहे हे आधी कसे कळेल, यावरच बराच वेळ गेला. नव्या रेणूचे शिकवलेल्या रेणूंशी जास्तीत जास्त साम्य किती हे काढून, ते फार कमी असेल तर भाकीत न देण्याची मर्यादा मी घातली होती. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या २००४ च्या तत्त्वांमध्ये मॉडेलचे लागू क्षेत्र, म्हणजे ते कोणत्या रेणूंना लागू पडते हे, स्पष्ट करण्याची जी अट आहे, तिचाच हा साधा अवतार. कार्बामॅझेपिनचा फ्लास्क आणि सुयांचे छायाचित्र दाखवल्यावर प्रश्नांचा रोख बदलला आणि चर्चा सैल झाली.

नमुने दिलेल्या कंपनीला प्रबंधाची प्रत पाठवण्याचे मी पत्रात कबूल केले होते, ते ऑगस्टमध्ये पूर्ण केले. काही दिवसांनी त्याच साहेबांचा फोन आला; त्यांच्याकडील एका नव्या रेणूची द्राव्यता मॉडेलवरून सांगता येईल का, अशी विचारणा होती. रेणू तपासला तर माझ्या तक्त्यातील कोणाशीच त्याचे पुरेसे साम्य नव्हते, म्हणून आकडा न देता तो मोजूनच घ्यावा लागेल असे कळवले. त्यावर किती ग्रॅम पाठवू, एवढेच त्यांनी विचारले. पाच ग्रॅम पुरतील, आणि सोबत स्फटिकरूपाची माहितीही हवी, असे उत्तर दिले आहे.